तिसरं मशीन आणि उपदेशकाची एक मूठ

वाचकाचं पत्र (थोडक्यात): भोसरीत माझं सीएनसी टर्निंगच्या (संगणकाने चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग घडवण्याच्या) जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. वय ४६, घरी बायको आणि मुलगा. दोन मशीनं, चार ऑपरेटर. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारी शॉप चालूच असतं. उपासनेला जाऊन पाच-सहा महिने झाले. माझ्या मेव्हण्याने माझ्यानंतर चाकणला सुरुवात केली, आज त्याची पाच मशीनं आहेत. मीही तिसऱ्या मशीनसाठी २० लाखांचं कर्ज मंजूर करून घेतलंय, ११ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. ऐंशी टक्के काम एकाच कंपनीचं आणि पैसे ७५ दिवसांनी. रात्री जेमतेम चार तास झोप लागते. बायको म्हणते, मशीन बंद झालं तरी तुमच्या कानात चालूच असतं. पाळकसाहेबांनी बायबलमधलं उपदेशकाचं पुस्तक वाचायला सांगितलं. दोन अध्याय वाचले आणि जास्तच खचलो. सगळं व्यर्थच असेल तर राबायचं कशाला? की पुढे जावंसं वाटणं हेच पाप आहे? समाधान येतं तरी कुठून? आणि मशीन घेऊ की नको?

प्रिय बंधू,

तुम्ही दोन अध्यायांवर थांबलात, आणि नेमकं काय वाचून खचलात याचा अंदाज आम्हाला येतो. दुसऱ्या अध्यायाच्या २३व्या वचनात दिवसभर कष्ट आणि रात्रीही मनाला विसावा नसलेला माणूस आहे. त्यात तुम्हाला तुमचाच चेहरा दिसला असणार. पण लगेच पुढच्या वचनात, २४व्यात, पुस्तक पहिल्यांदा वळतं: माणसाने खावं, प्यावं, आपल्या श्रमात सुख अनुभवावं, हेही देवाच्या हातून आहे. खचलेल्या डोळ्यांतून हे वचन निसटतं. बहुतेकांच्या बाबतीत तसंच होतं.

म्हणून पहिलं काम हे करा. उपदेशक तुकड्यातुकड्याने वाचू नका. बारा अध्याय, २२२ वचनं. मोठ्याने वाचलं तरी पाऊण तासात संपतं. येत्या गुरुवारी सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एका बैठकीत वाचा. हातात पेन्सिल घ्या आणि सात ठिकाणी समासात रेघ मारा: २:२४–२६, ३:१२–१३, ३:२२, ५:१८–२०, ८:१५, ९:७–१० आणि ११:७–१०. या सातही ठिकाणी आनंदाचीच गोष्ट पुन्हा येते, बहुतेक ठिकाणी भाकर, पेय, श्रमातलं सुख आणि हे सगळं देणारा देव यांच्यासह. प्रत्येक वेळी ती एखाद्या जड परिच्छेदानंतर येते: मृत्यू, अन्याय, मूर्खाच्या हाती जाणारा वारसा. आणि प्रत्येक वेळी आवाज चढतो. सुरुवातीला उपदेशक नुसतं म्हणतो की याहून बरं काही नाही. नवव्या अध्यायात ती आज्ञा होते: जा, आनंदाने आपली भाकर खा. निराशेचं पुस्तक असं चढत्या सुरात आनंदाकडे जात नाही.

इथे एक सावधगिरी. काही प्रवचनांत सांगतात की या पुस्तकात पुन्हा पुन्हा येणारा ‘सूर्याखाली’ हा शब्द म्हणजे देवाविना आयुष्य, आणि उपदेशकाचं दुःख फक्त देवाला न मानणाऱ्यांचं. आम्हाला हे अर्थ लावणं पटत नाही. उपदेशक देवाला मानतो, त्याचं भय धरतो, आणि त्याच सूर्याखाली देवाच्या हातून मिळणाऱ्या भाकरीबद्दल बोलतो. श्रद्धावानाचेही कष्ट वाऱ्यावर जातात, श्रद्धावानालाही रात्री झोप लागत नाही. हे पुस्तक तुमच्यासाठीच आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. १:३ मध्ये उपदेशक विचारतो तो प्रश्न अगदी धंदेवाल्याचा आहे: इतके कष्ट करून माणसाच्या हाती शेवटी उरतं काय? मग दुसऱ्या अध्यायात तो सगळा हिशेब मांडतो. घरं, द्राक्षमळे, बागा, पाण्याची तळी, नोकरचाकर, गुरंढोरं, सोनंरुपं, गाणारे-गाणाऱ्या. काही मागे ठेवलं नाही. बेरीज केल्यावर शिल्लक शून्य, कारण मरण येतं आणि सगळं दुसऱ्याच्या हाती जातं. पण २:१० नीट वाचा. माझ्या सर्व श्रमांत माझ्या मनाला आनंद झाला आणि माझ्या श्रमाचा तोच माझा वाटा होता, असं तो म्हणतो. शिल्लक नाही, पण वाटा आहे. पुढे ५:१८ आणि ९:९ मध्येही हाच वाटा येतो.

तुम्ही वर्कशॉपकडून शिल्लक मागताय: एक दिवस असा यावा की आता पुरे झालं, आता मी सुरक्षित, आता मेव्हण्यासमोर मान वर. दोन मशीनं ते देऊ शकली नाहीत म्हणून तिसऱ्याकडे मागायचं ठरवलंय. पाचही देणार नाहीत. त्याच वेळी रोजचा वाटा, म्हणजे नीट उतरलेला जॉब, वेळेवर गेलेलं डिस्पॅच, मुलाबरोबरचं जेवण, तुम्ही घेतच नाही. तो दुसऱ्या दिवशी उरत नाही. वाळवंटात इस्राएल लोकांना मान्ना (देवाने पुरवलेलं अन्न) मिळाला तो प्रत्येकी एक ओमर, सुमारे दोन लिटर, रोजच्या रोज. ज्यांनी तो सकाळपर्यंत राखून ठेवला त्यांच्याकडे त्यात किडे पडले (निर्गम १६:२०).

मशीनकडे येऊ. चौथ्या अध्यायात ४ ते ६ अशी तीन वचनं लागोपाठ आहेत. ती सुटी वाचली की माणूस चुकतो. चौथं: सगळे कष्ट आणि सगळं कौशल्य शेजाऱ्याच्या हेव्यातून येतं. पाचवं: मूर्ख हात जुळवून बसतो आणि स्वतःचंच मांस खातो. सहावं: कष्ट आणि वाऱ्यामागे धावणं यांनी भरलेल्या दोन मुठींपेक्षा स्वस्थतेची एक मूठ बरी. म्हणजे हात जुळवून बसायचं नाही, दोन्ही मुठी गच्च भरायच्या नाहीत, एक मूठ भरायची. शॉप बंद करा असं उपदेशक सांगत नाही. पाचवं वचन गाळून सहावं वाचणाऱ्याला समाधानाच्या नावाखाली आळस सापडतो. सहावं गाळून चौथं वाचणाऱ्याला वाटतं की प्रत्येक महत्त्वाकांक्षा पाप आहे. तुमच्या पत्रात दुसरी चूक डोकावते.

कागद घ्या आणि तुमचे आकडे घाला. आमचे अंदाजाने धरलेत. २० लाख, ११ टक्के, ६० हप्ते: महिन्याला सुमारे ४३,५०० रुपये. पाच वर्षांत फेड २६ लाखांच्या थोडी वर. दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर, २० हजार प्रत्येकी: ४० हजार. वीज, इन्सर्ट (हत्याराची कापणारी पाती), कूलंट, किरकोळ दुरुस्ती: २५ हजार. एकूण १,०८,५००. मशीनने पूर्ण क्षमतेने १ लाख २० हजारांचं बिल केलं तर हातात राहतात साडेअकरा हजार. काम ८० टक्क्यांवर आलं तर बिल ९६ हजार. वीज-टूलिंगचा खर्च पाच हजारांनी कमी धरला तरी दरमहा साडेसात हजार खिशातून. आणि पहिलं पेमेंट कधी? पहिल्या महिन्याचं काम अधिक ७५ दिवस, म्हणजे साडेतीन महिन्यांनी. तोवर तीन महिन्यांचा खर्च, सव्वातीन लाख, बाहेर गेलेला असेल. उपदेशकाने ५:११ मध्ये हेच सांगितलंय: माल वाढला की खाणारे वाढतात, मालकाला नुसतं बघायला मिळतं.

आमचं मत असं: आत्ता घेऊ नका, पण कायमचं नाही म्हणू नका. पुढच्या गोष्टी जुळल्या तर घ्या. सध्याच्या दोन मशीनांवर महिनाभर रोज किती तास खरी चिप पडते, म्हणजे प्रत्यक्ष कटिंग होतं, ते लिहा. सेटिंग, जॉबची वाट, ड्रॉइंगची वाट यात गेलेले तास वेगळे मांडा. मशीनं रोज तीन-चार तास वाट बघत उभी असतील तर तुमच्याकडे निम्मं मशीन आधीच आहे, तेही हप्त्याविना. दुसरं, सध्याची कंपनी सोडून इतर ग्राहकांकडून किमान सहा महिन्यांच्या लेखी ऑर्डरी. तिसरं, सव्वातीन लाख रोख बाजूला, घरखर्चाला हात न लावता. शेवटची कसोटी ४:४ ची आहे आणि ती एकट्याने करायची नाही. बायकोसमोर बसून उत्तर द्या: मेव्हण्याकडे एकच मशीन असतं, तरी मी हे घेतलं असतं का? मंजुरीची मुदत बँकेत विचारून घ्या. निर्णयाची तारीख मुदत ठरवेल, मेव्हणा नाही.

एकाच कंपनीवरचं ऐंशी टक्के अवलंबन मात्र आजच चिंतेचं आहे, मशीन घ्या वा न घ्या. ११:२ मध्ये सात किंवा आठ जणांना वाटा द्या म्हटलंय, कारण पृथ्वीवर कोणतं संकट येईल ते ठाऊक नाही. याचा अर्थ कोणी दानधर्म लावतात, कोणी व्यापारातला धोका विभागणं लावतात. दोन्ही वाचनांत सगळं एका हाती ठेवू नका हे समान आहे. आठवड्याला एक नवी चौकशी, एक नवं कोटेशन, एवढं धरा. वर्षभरात त्या कंपनीचा हिस्सा पन्नास टक्क्यांवर आणणं हे ध्येय तिसऱ्या मशीनपेक्षा मोलाचं आहे.

त्या ७५ दिवसांबद्दलही बोलायला हवं, कारण समाधानी माणसाने अन्याय गिळावा अशी एक समजूत आपल्या मंडळ्यांत आहे. शास्त्र तसं सरसकट सांगत नाही. अडवून ठेवलेल्या मजुरीची ओरड सैन्याधीश प्रभूच्या कानी जाते, असं याकोब ५:४ मध्ये स्पष्ट आहे. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. अडवले तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ऐंशी टक्के काम देणाऱ्यावर थेट तक्रार करणं अवघड, हे आम्हाला कळतं. म्हणून आधी बिलावर उद्यम क्रमांक छापा, मग अकाउंट्स विभागाला नम्र पत्र, मग परचेसच्या माणसाशी प्रत्यक्ष बोलणं. सव्वा लाखाच्या आसपास मासिक बिल असलेल्या मशीनचे पैसे ७५ ऐवजी ४५ दिवसांत आले, तर बाजारात अडकलेली रक्कम तीन लाखांवरून पावणेदोन-दोन लाखांवर येते. आणि हाच नियम तुमच्या ऑपरेटरांना लावा. त्यांचा पगार सात तारखेच्या पुढे जातो का?

आता रविवार. गुरुवारच्या सुट्टीमुळे रविवार गेला, ही औद्योगिक भागातल्या अनेक ख्रिस्ती घरांची अडचण आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, १४:५ मध्ये, दिवसांच्या पाळण्याबद्दल मोकळीक दिली आहे, त्यामुळे पूर्ण विसावा गुरुवारी घेतला तरी चालेल. पण सध्या तुमचा गुरुवारही मशीनची देखभाल, मटेरियल, सीए यांत जातो, असा आमचा अंदाज आहे. तेव्हा दोन गोष्टी करा. रविवारी सकाळची शिफ्ट दुपारी एकला सुरू करा आणि उपासनेला कुटुंबासह जा. मंडळीपासून तुटलेल्या माणसाला समाधान एकट्याने शिकता येत नाही. आणि गुरुवारी कामाला हातच लावू नका. देखभाल बुधवारच्या दुसऱ्या शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत उरका. ग्राहकाला आधी कळवा. रविवारचे गेलेले पाच-सहा तास कुठून भरून काढायचे ते वरच्या मशीन-तासांच्या वहीत सापडेल.

काय बिघडतं तेही सांगतो. पहिले दोन-तीन गुरुवार बेचैनी वाढेल, हात फोनकडे जाईल. विसावा जमत नाही असा निष्कर्ष तेव्हाच काढू नका. मग घरातली साठलेली कामं त्या दिवशी ढकलली जातील, तीही नकोत. आणि मालक घरी, ऑपरेटर शॉपवर, असा विसावा शास्त्राला मान्य नाही. निर्गम २०:१० मध्ये दास, दासी, गुरं, परका सगळे आहेत. अनुवादाच्या पुस्तकातलं ५:१५ त्याचं कारण देतं: तुम्ही मिसरात गुलाम होता. थांबता येत नाही तो गुलाम. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल (मराठी यहुदी) कुटुंबं तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ग्राहकांना तो बंद दिवस माहीत होता आणि घाणे पिढ्यानपिढ्या चालले.

रात्रपाळीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण चार तास झोपणाऱ्या मालकाच्या शॉपमध्ये रिजेक्शन बहुधा उशिराच्या तासांत वाढतं. १०:१० उघडा: लोखंड बोथट असेल आणि धार लावली नाही तर जोर जास्त लावावा लागतो. झिजलेल्या इन्सर्टवर फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) वाढवून काय होतं हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

मेव्हण्याचा विषय टाळता येणार नाही. ९:११ म्हणतं, शर्यत वेगवानांची नाही, लढाई बलवानांची नाही. वेळ आणि प्रसंग सगळ्यांवर येतात. त्याच्या पाच मशीनांत त्याचे कष्ट आहेत, आणि वेळही आहे: कोणती कंपनी कधी आली, कोणी ओळख करून दिली. त्याचे हप्ते तुम्हाला दिसत नाहीत. त्याचे व्हॉट्सअॅप स्टेटस दोन महिने म्यूट करा. यात वैर नाही, ६:९ चं आज्ञापालन आहे: डोळ्यांना दिसतं ते, वासनेच्या भटकण्यापेक्षा बरं. पण त्याच्याशी संबंध तोडू नका. एकदा जेवायला बोलवा आणि धंद्याबद्दल एक खरा प्रश्न विचारा. हेवा अंधारात वाढतो; मदत मागितली की तो टिकत नाही. ४:९ मध्ये लगेच येतंच, एकापेक्षा दोघं बरे.

हे सगळं मुलासाठी, असं तुमच्या मनात असेल तर २:१८–१९ वाचा: मागून येणारा शहाणा निघेल की मूर्ख, कोणाला ठाऊक? आम्ही त्यात एवढंच जोडू: मुलाला विचारलंय का? त्याला वर्कशॉप नको असेल तर वीस लाखांच्या आधी कळलेलं बरं.

समाधान येतं कुठून, या प्रश्नाला पौलाचं उत्तर सर्वांत कामाचं आहे. फिलिप्पैकरांस ४:११ मध्ये तो म्हणतो की मी समाधानी राहायला शिकलो आहे, आणि हे तो बंदिवासातून लिहितो. शिकलो. म्हणजे ते स्वभावात नव्हतं, सरावाने आलं. तुमचा सराव असा ठेवा: आठवड्यातून चार रात्री साडेआठला घरी जेवण, फोन टेबलावर नाही. जेवणानंतर वहीत तीन ओळी: आज हातून काय नीट झालं, आज काय चवीने खाल्लं, आज कोणाबरोबर होतो. ‘देव चांगला आहे’ असं मोघम लिहू नका. ‘शाफ्टचा साठचा लॉट एकही रिजेक्ट न होता गेला’ असं लिहा. वही दहा-बारा दिवसांनी कंटाळवाणी वाटेल, तेव्हा सोडाल, सोडू नका. ९:८ मध्ये शुभ्र वस्त्रं आणि डोक्याला तेल आहे. ती सणाची तयारी आहे, आणि उपदेशक ती नेहमीसाठी सांगतो. महिन्यातून एकदा विनाकारण सणासारखं जेवण करा, दोन ऑपरेटरांच्या घरच्यांना बोलवा.

झोपेचं वेगळं. स्तोत्र १२७:२ म्हणतं की पहाटे उठून, उशिरापर्यंत जागून कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे; आपल्या प्रियजनांना तो झोप देतो. हे वचन वाचूनही झोप आली नाही तर स्वतःला अविश्वासू समजू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, कशातच रस नाही, जगण्याचा कंटाळा आला असं होत असेल तर डॉक्टरांकडे जा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. खचल्याचं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे सांगतोय. आजच बायकोलाही सांगा.

राहिला प्रश्न पुढे जावंसं वाटण्याचा. लूक १२ मधल्या धनवानाचं पीक चांगलं आलं यात पाप नव्हतं. त्याचं बोलणं पाहा: माझं पीक, माझी कोठारं, माझ्या जिवा. त्याच्या सगळ्या बेतात दुसरा माणूस नाही, देव नाही. १ तीमथ्य ६:१७–१८ श्रीमंतांना श्रीमंती सोडायला सांगत नाही. अनिश्चित धनावर आशा ठेवू नका, उपभोगासाठी सगळं विपुल देणाऱ्या देवावर ठेवा, आणि परोपकारी व्हा, असं सांगतं. पाच मशीनांचा मालक असा असू शकतो. एका मशीनचा मालक नसूही शकतो.

प्रार्थना कशी करावी असं पत्रात नाही, पण मशीनबद्दल देवाकडे काय मागावं हा प्रश्न आहेच. नीतिसूत्रे ३०:८–९ मधल्या आगूराची प्रार्थना शॉप उघडताना रोज म्हणा: दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याची भाकर दे, तृप्त होऊन तुला नाकारीन किंवा दरिद्री होऊन चोरी करीन असं होऊ नये. ऑपरेटर आले असतील तर त्यांच्यासमोर म्हणा. मशीन-तासांची वही येत्या सोमवारपासून सुरू करा, महिना भरला की आकड्यांसकट पुन्हा लिहा. त्या आकड्यांवर आपण तिसऱ्या मशीनचं नक्की करू.